बावीस हातांची साखळी

आखाजी आठवड्यावर आली की घरात खरबुजाचा वास शिरतो आणि मी गप्प गप्प होते. घरातले म्हणतात, म्हातारीला ऊन बाधलं. म्हणोत बापडे. वैशाखाच्या उन्हानं मला आजवर कधी बाधा केलेली नाही. उलट गच्चीवर बिबड्या वाळत पडल्या, त्या ज्वारीच्या पापडांचा आंबूस वास जिन्यातून खाली उतरला, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसेना झालं, की माझं वय एकोणीस होतं. मग सूनबाईनं चहाला हाक मारली तरी मला ती दुसऱ्याच कोणासाठी आहे असं वाटतं.

यंदा निमित्त झालं नातवाच्या मोबाइलचं. परदेशातली काही माणसं कानाला यंत्र लावून शेताशेतांतून हिंडतात. आधी दोनशे वर्षांपूर्वीचा नकाशा शोधायचा, तो आजच्या नकाशावर ठेवायचा, बुजलेली वाट, मोडलेलं देऊळ, उठून गेलेलं गाव कुठे होतं ते हेरायचं आणि तिथं यंत्र फिरवायचं. खाली धातू असला की यंत्र कुंकूं करतं. नातू डोळे मोठे करून सांगत होता. मी म्हटलं, "अरे, हे तुझ्या पणजीनं आणि मी विहिरीच्या दोरानं केलंय." तो हसला. आजी फेकतेय असं त्याला वाटलं असणार. त्याचंही बरोबर आहे, आम्ही कधी सांगितलंच नाही. म्हणून हे लिहायला बसले.

माझे वडील, त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो, मोजणी खात्यात होते. तेव्हा नंदुरबार पश्चिम खानदेशात मोडायचं. खांडबाऱ्यापासून अक्कलकुव्यापर्यंत आण्णांच्या मोजणीच्या साखळीखालून गेलं नाही असं शिवार थोडं. दौऱ्यावरून घरी आले की ते ओसरीत नकाशा पसरायचे. तो गुंडाळी होऊन परत मिटू नये म्हणून तीन कोपऱ्यांवर तांब्या, अडकित्ता आणि वरवंटा ठेवायचे, आणि चौथ्या कोपऱ्यावर मला बसवायचे. मला बाराखडीच्या आधी शेतांचे नंबर वाचता यायला लागले ते असे. ठिपक्यांची रेघ म्हणजे पायवाट, त्रिकोणी खूण म्हणजे तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड, छोटं वर्तुळ म्हणजे विहीर. आण्णा म्हणायचे, "नकाशा वाचताना आधी खालचा कोपरा वाचावा." खालच्या कोपऱ्यात प्रमाण लिहिलेलं असतं, एका इंचाला किती साखळ्या ते. एवढं एक वाक्य मी हुंड्यासारखं सासरी घेऊन गेले.

सासर तापीकाठचं. गावाचं नाव लिहीत नाही, उद्या कोणी यंत्र घेऊन यायचं. घर शेतकऱ्याचं, खाऊनपिऊन सुखी. सासरे वारलेले होते. घराचा कणा म्हणजे सासूबाई. त्यांना सगळं घर माय म्हणे, मीही मायच म्हणू लागले. उंच, काळ्यासावळ्या, बोलणं मोजकं. पहिल्या दिवशी त्या मला जरा धाकदपटशाच्या वाटल्या. मग माझी लग्नातली भांडी मांडणीवर लावताना त्या खाली बसल्या आणि एकेका भांड्यावर कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवू लागल्या.

"हाई काय लिखेल शे?"

"मन्हं नाव, माय. अन् आण्णानं."

त्यांचं बोट थांबलं. "माले बी बापनी हंडा दिधा व्हता. तांबाना. त्यावर मन्हं नाव व्हतं, माहेरनं."

मायला वाचता येत नव्हतं. लग्नात तिचं नाव बदलून यमुना ठेवलेलं. माहेरचं नाव काय, ते घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. मी अजाणतेपणी विचारलं, सांगा ना. तर म्हणाली, "नाव सोतानी सांगानं नही ऱ्हास, वहू. दुसरानी हाक मारानी ऱ्हास." आणि उठून चुलीकडे गेली.

त्या हंड्याची गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी कळली. गहू निवडताना एक तुकडा, बिबड्या थापताना दुसरा. लग्नाला चार महिने झाले होते, माय पंधरा वर्षांची. गाव तेव्हा खाली नदीजवळ होतं. श्रावणात भर दुपारी तापीला पूर आला. पुरुष माणसं गुरं सोडवायला गेलेली. घरात माय आणि तिचा सर्वांत धाकटा दीर दौलत, चार वर्षांचा, आईविना पोर. मायनं हंडा उचलला. मग पोराकडे पाहिलं.

"दौलत्याले कडे लिधं अन् हंडा पेवमा ठेवा. दोन्ही कसा उचलू?"

पेव म्हणजे परसातलं जमिनीतलं धान्याचं कोठार. आतल्या ज्वारीवर हंडा ठेवून तिनं वर दगड सरकवला. संध्याकाळी पाणी ओसरेल, येऊन काढू, असा तिचा हिशेब. पाणी चार दिवस हललं नाही. मातीची घरं बसली, वर कंबरभर गाळ आला आणि गाव उठून उंचवट्यावर गेलं. त्याच वर्षी मायचे वडील गेले. मागे आई नाही, भाऊ नाही, बहीण नाही. माहेरचं दार बंद झालं ते झालंच.

खानदेशाबाहेरच्या माणसाला आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, सोनंबिनं घ्यायचा दिवस. आमच्याकडे तो लेकींचा सण. सासरच्या लेकीला न्यायला माहेरून भाऊ येतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. झाडाझाडाला झोके लागतात, गावभर लेकींची गाणी. त्याच दिवशी पितरांसाठी पाण्यानं भरलेली घागर ठेवतात आणि वर खरबूज ठेवतात. गावातल्या सगळ्या सासुरवाशिणी माहेरी निघून जायच्या आणि माय घरी राहायची. चाळीसहून जास्त आखाज्या ती ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या गाड्या जाताना बघत होती. हे मला कळलं तेव्हा मला माझ्याच माहेराची लाज वाटली.

हे सगळं दौलतकाकांनाही कळत होतं. कडेवरचं ते पोर आता मिशा राखून फौजेतून परत आलेलं होतं. लढाईत ते सुरुंग शोधायच्या कामावर होते. परतताना देवळालीच्या बाजारात लष्करी भंगार विकायला निघालेलं, त्यातून त्यांनी सुरुंग शोधायचं एक जुनं यंत्र आणलं. लांब दांडा, खाली गोल चपटी थाळी, खांद्याला पिशवीत पेटी आणि कानाला लावायची दोन भोकरं. गावानं त्याचं नाव ठेवलं तवा. त्याला लागणारी बॅटरी मिळेना, तेव्हा काकांनी घरच्या रेडिओची बॅटरी काढून त्याला जोडली. माझ्या नवऱ्याची संध्याकाळची गाणी बुडाली. पुढे महिनाभर ते त्या तव्याकडे सवतीकडे बघावं तसे बघत होते.

पण तवा फिरवायचा कुठे? हाच खरा पेच. जुनं गाव नीट आठवणारी माणसं बहुतेक गेलेली, उरलेली दोघंतिघं चार दिशांना बोट दाखवत. जुन्या गावठाणाची पांढरी माती धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, घालायला फार चांगली, पावसात गळत नाही. गावानं वर्षानुवर्षं गाड्या भरभरून ती नेली, टेकाड पार सपाट केलं आणि नांगरून टाकलं. म्हणजे आमच्या डोक्यावरच्या छतात जुनं गाव होतं आणि जमिनीवर त्याची खूण नव्हती. मायला विचारावं तर ती नवी नवरी, चार महिन्यांत उंबऱ्याबाहेर पडली ती पाणी आणायला तेवढी. तिला एवढंच आठवे की मारुतीच्या पाठीमागं तिसरं घर आपलं, आणि पेव परसात कडुलिंबाखाली.

काका हुशार. त्यांनी तालुक्याच्या कचेरीत अर्ज देऊन जुन्या मोजणीच्या गावनकाशाची नक्कल मिळवली. नकाशात मारुती होता, विहीर होती, आणि तीन शिवांचा दगडही होता. तो दगड अजून जागच्या जागी उभा. मायपुढे उभं राहून त्यांनी टाचा जुळवल्या. "भाबी, आखाजीना पहिले तुन्हा हंडा काढी देसू!"

त्यांनी होकायंत्रानं दिशा धरली आणि दगडापासून अंतर मोजत निघाले ते थेट तापीच्या वाळूत, टरबुजांच्या वाडीत पोचले. आठ दिवस ते वाळूत तवा फिरवत होते. नावेचे खिळे सापडले, एक विळा, गाडीच्या धावेचा तुकडा, डब्याची झाकणं. वाडीवाले मजेत.

"काय फौजी, टरबूजमा लोखंड शोधी ऱ्हायनात का?"

काका हसायचे आणि एक टरबूज पदरात पाडून घ्यायचे. पण रोज जरा कमी हसायचे. मी न्याहारी घेऊन जाई तेव्हा दिसे, कानाची ती भोकरं काढली की आत घामाचं पाणी साचलेलं असे.

आठव्या दिवशी ते दुपारीच परत आले, तवा ओट्याला टेकवला आणि जेवायला बसेनात. म्हणाले, नदीनं पात्र बदललं, जुनं गाव नदीच्या पोटात गेलं. माय त्यांच्यापुढे ताट ठेवून बसली.

"जाऊ दे दौलत्या. तापीमायनी लई लिधा. तू वाचना, तेच बरं व्हयनं."

एवढा सत्तेचाळीस वर्षांचा मिशाळ माणूस. त्यानं तोंड भिंतीकडे केलं.

आणि नेमका त्याच संध्याकाळी माझा थोरला भाऊ बैलांची दमणी घेऊन मला न्यायला आला. दारातूनच म्हणाला, "बाई, तुले लई जावाले उनू." माझी पहिली आखाजी. खरं सांगते, मला आनंदानं काही सुचेना. अंगणातल्या निंबाला झोका बांधलाय, आण्णांनी रजा काढलीय, मैत्रिणी येऊन बसल्यात, भाऊ सांगत होता आणि मी मनानं केव्हाच नंदुरबारला पोचले होते. सकाळी उन्हं चढायच्या आत निघायचं ठरलं. मी पिशवी भरायला घेतली. बाजेवर काकांचा नकाशा तसाच पडलेला, वाऱ्यानं फडफडत होता. गुंडाळून ठेवावा म्हणून उचलला आणि सवयीनं खालचा कोपरा वाचला. एका इंचाला वीस साखळ्या.

मी नकाशा पुन्हा पसरला. काकांचे आकडे मार्जिनमध्ये पेन्सिलीनं लिहिलेले होते. नकाशावर दगडापासून मारुती तीन इंच, म्हणजे साठ साखळ्या, इथवर बरोबर. पण साखळी त्यांनी धरली होती बावीस यार्डांची. फौजेत शिकलेली, सहासष्ट फुटी. आमच्या जमीन मोजणीची साखळी असते तेहतीस फुटांची. सोळा आणे केलेली, रुपयासारखी. ती आण्णांच्या खांद्यावर पाहत मी मोठी झाले होते. काका बरोबर दुप्पट अंतर गेले होते. दिशा नेमकी, अंतर दुप्पट. म्हणजे जुनं गाव वाटेच्या अर्ध्यावर होतं आणि काका रोज सकाळी बॅटरी वाचवायला तवा बंद ठेवून, खांद्यावर टाकून, त्याच्यावरूनच चालत जात होते.

आता हे सांगायचं कसं? चार महिन्यांची नवी सून. चुलतसासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर खाली येता कामा नये, तोंडातून शब्द तर नाहीच. त्यात फौजेतल्या माणसाची चूक काढायची. आणि माझीच चूक निघाली तर? मायला दुसऱ्यांदा आशेला लावून पुन्हा रिकाम्या हातानं बसवायचं? शिवाय सांगितलं की उद्या निघणं राहिलं, हेही मला दिसत होतं. खोटं कशाला लिहू, नकाशा गुंडाळून ठेवावा आणि गप्प माहेरी जावं असं घटकाभर मनात आलं. मग मला तो ओटा दिसला आणि त्यावर एकटी बसलेली माय.

मी मायला गाठलं. "माय, काकानी साखळी चुकी गयी. सरकारी साखळी तेहतीस फूटनी ऱ्हास."

मायला साखळीतलं ओ की ठो कळलं नाही. तिनं माझं तोंड पाहिलं. "माले काय सांगस? त्याले सांग." आणि माझा दंड धरून मला ओट्यावर नेलं.

मी पदराआडून, खाली बघून, एका दमात सांगून टाकलं. काकांनी मान वर केली.

"हाई कोन सांगं तुले?"

"मन्हा बाप मोजणीदार शे, काका."

त्यांनी नकाशा उलगडला, कोपरा वाचला, पुन्हा वाचला. मग कपाळावर हात मारून जे हसायला लागले ते थांबेचनात. "बावीस हातनी साखळी! अन् मी बावीस गज धरी बसनू!"

सकाळी भाऊ बैल जुंपून उभा आणि मी विहिरीचा दोर मोजत बसलेले. दीड फुटाचा एक हात, म्हणजे तेहतीस फुटांना बावीस हात दोर, दोन्ही टोकांना गाठ. भाऊ वैतागला. "बाई, आण्णा वाट देखी ऱ्हायनात." मी म्हटलं, आण्णांचंच काम करतेय. शिवेच्या दगडापाशी मी एक टोक धरलं. दुसरं टोक घेऊन काका निघणार, तोच मायनं ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. काकांनी होकायंत्र धरून दिशा सांगायची आणि आम्ही दोघी सासवासुनांनी मोजायचं. दर साखळीला मी एक चिंचोका एका ओच्यातून दुसऱ्या ओच्यात टाकत होते. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून नेलेलं उघडं रान, पायाखाली ढेकळं, भेगा. मायचा पदर डोक्यावरून पडला तरी तिला कळलं नाही. पुढे जाऊन ती वळायची आणि दोर ताणून ओरडायची, "धरं!" तिचा एवढा मोठा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

साठावा चिंचोका पडला तेव्हा आम्ही आमच्याच शेतात उभे होतो. त्या तुकड्याला भुरं वावर म्हणत. तिथली माती भुरकट, कपाशी वेगळीच यायची. भुरं का, हे कोणी कधी विचारलं नव्हतं.

काकांनी तवा सुरू केला. पहिल्यांदा नांगराचा फाळ निघाला, मग बैलाच्या पायाचे नाल, मग दाराची कडी. कडी मायनं हातात घेतली आणि पदरानं पुसत बसली. दुपार कलायला लागली तेव्हा काका एके जागी थांबले, मागे आले, पुन्हा पुढे गेले. कानावरचं एक भोकर काढून त्यांनी माझ्या भावाच्या कानाला लावलं. भावाचा राग तिथंच संपला, त्यानं सदरा काढला आणि कुदळ घेतली.

छातीइतकं खणल्यावर दगड लागला. दगडाखाली जळून कोळसा झाल्यासारखी काळी माती होती, ती कुजलेली ज्वारी. आणि तीत एका कुशीवर पडलेला हंडा. हिरवागार पडलेला, एका बाजूनं चेपलेला. काका खड्ड्यात उतरले. त्यांनी तो उचलला नाही. आधी दोन्ही हातांनी कडेवर घेतल्यासारखा छातीशी धरला, मग वर दिला.

मायनं घरून चिंच आणवली आणि तिथंच काठावर बसून कोळानं हंडा घासला. हळूहळू तांबं लाल झालं आणि काठाखाली ठोकून काढलेल्या ठिपक्याठिपक्यांची अक्षरं वर आली. तिनं माझ्याकडे पाहिलं. "वाच."

मी वाचलं, "मंजुळा. बाप नथू. धानोरा."

"परत वाच."

मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा खड्ड्याच्या काठावर मातीनं माखलेले दौलतकाका उभे होते. त्यांनी हळूच हाक मारली, "मंजुळाभाबी."

आणि माय म्हणाली, "ओ."

साठीला आलेली बाई, पण तो ओ परकरातल्या पोरीचा होता. मी तिथंच रडले. भाऊ रडला. काकांचं काय सांगू?

तो हंडा आज माझ्या देवघराशेजारी आहे. मायनं तो मला दिला. नातवाला मी आज तो दाखवला, तेव्हा कुठे त्याचं हसू थांबलं. तो म्हणाला, आजी, हा पोचा काढून का घेतला नाही? मी सांगितलं, पुढे तांबट आला होता दारावर. त्यानं सांगितलं, पोचा ठोकून काढतो, पण अक्षरं जातील. मायनं त्याला गूळपाणी देऊन वाटेला लावलं. हंड्याला खाली चीरही आहे, पाणी टिकत नाही. त्या वर्षी आखाजीला मायनं हंड्यात मातीची घागर ठेवून ती भरली, वर खरबूज ठेवलं. आमच्या घराण्याच्या पितरांची घागर वेगळी होती. ही तिच्या बापाची, नथूची. लेकीनं सासरी बापाची घागर भरायची पद्धत नाही. कोणी तिला अडवलं नाही.

ते मी पाहिलं नाही, मला नंतर नवऱ्यानं सांगितलं. कारण हंडा निघाला त्याच दिवशी, उन्हं उतरल्यावर, आम्ही निघालो. भावानं बैल जुंपले. मी मायच्या पाया पडले आणि मला निघवेना. मी म्हटलं, माय, मी राहू का? तुम्ही एकट्या. ती ओट्यावर बसली होती, दर वर्षी बसायची तिथंच. मांडीवर हंडा होता आणि बोट अक्षरांवर. ती माझ्या भावाला म्हणाली, "लई जा रे भाऊ तिले. मन्हा बापना घर मी जाई उनू."